हनीफचाचा आणि आमचे कान

हनीफचाचा बहिरा नाही, ही बातमी कारखान्यात मी फोडली. ती खोटी होती. पण खोटी असल्याचं कळेपर्यंत ती इतक्या जणांच्या उपयोगी पडली होती, की परत घ्यायची सोय राहिली नाही.

एकोणऐंशी साली मी चांदवडहून नाशकात आलो आणि सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागलो. कारखान्यात दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या निघायच्या. पत्रा कापणारे, वाकवणारे, भोकं पाडणारे प्रेस सकाळी सुरू झाले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत धाडधाड चालत. त्या शेडच्या एका टोकाला काचेच्या खिडकीमागे मी हातमोजे, ग्रीस आणि नटबोल्ट राखत बसायचो. चांदवडच्या हायस्कुलातून बाहेर पडलेला माणूस तिथे विद्वान ठरत होता. सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. मीही हरकत घेतली नाही.

एके दिवशी सोमा हातमोज्यांचा नवा जोड घेऊन गेला. सोमा पिंपळगावकडचा, अंगापिंडानं मोठा, कामगारांचा न निवडलेला पुढारी. त्यानं परत केलेले जुने मोजे नव्याइतकेच कोरे दिसत होते. तो लांब गेल्यावर मी बंद काचेआड स्वतःशीच म्हणालो, "हात वापरले तर मोजे फाटतील ना." सगळे प्रेस चालू होते, माझं बोलणं मलाच धड ऐकू आलं नाही. तेवढ्यात पार शेवटच्या प्रेसवर उभा असलेला हनीफचाचा माझ्याकडे बघून हसला. नुसता हसला नाही, सोमाच्या पाठीकडे बोट करून मोजे फाटल्याची खूण केली.

हनीफचाचा ठार बहिरा आहे, असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. वर्षभरापूर्वी मालेगावहून आलेला, पांढऱ्या दाढीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. दुपारी डबे उघडल्यावर, सोमाविषयीचं वाक्य गाळून, बाकीचा किस्सा मी रंगवून सांगितला. काचेमागचं ऐकतो, चालू प्रेसमध्ये ऐकतो, चाचाचे कान आपल्या सगळ्यांपेक्षा तिखट आहेत, वगैरे. हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. चाचाच्या बाजूच्या प्रेसवरच्या निवृत्तीनं हातातला घास खाली ठेवला. सोमानं हनीफचाचाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा हनीफचाचाकडे.

"म्हंजे ह्याला ऐकू येतं," तो म्हणाला.

मी नवा होतो. मला ठाऊक नव्हतं, की कारखान्यात युनियन काढायचं घाटत होतं आणि ते मालकांना आधीच कळत होतं. रोज संध्याकाळी सुटल्यावर मंडळी फाटकासमोरच्या चिमणाबाईच्या चहाच्या टपरीवर जमून गुप्त खल करायची. काय ठरलं ते सकाळपर्यंत मालकांना माहीत. कुणी सह्या गोळा करायच्या हे ठरलं, की सकाळी नेमका त्याचाच प्रेस बदलायचा. कुठल्या वारी एकत्र जाऊन भेटायचं हे ठरलं, की त्या वारी मालक मुंबईला. सोमा महिनाभर एकच प्रश्न विचारत होता: मालकाच्या कानावर कुणी घातलं?

आमच्या भाषेत ऐकण्याचे शब्द भरपूर आहेत आणि त्यातले निम्मे चोरीचे आहेत. कानोसा घेणं, कान लावून बसणं, कान टवकारणं, कानाशी लागणं, कान फुंकणं, कान भरणं. सरळ माणसाच्या वाट्याला नुसतं 'ऐकणं' येतं, आणि घरात आईनं "माझं ऐक" म्हटलं की त्याचाही अर्थ मुकाट्यानं सांगितलेलं कर असाच होतो. चांदवडला आमचे मराठीचे सर हे सगळे वाक्प्रचार वाक्यात उपयोग करून लिहायला लावायचे. त्यांनीच एकदा समजावलं होतं, की कानावर घालायला एक माणूस लागतो, कानावर पडायला लागत नाही. सोमानं 'घातलं' हा शब्द धरला होता. तो शब्द धरला की पुढे माणूस शोधणं आलंच, आणि तो मी डब्याच्या सुट्टीत आयता काढून दिला.

हनीफचाचाला बोलावून समोर बसवलं. त्याची बोलायची तऱ्हा वेगळी होती. तोंड स्वच्छ उघडायचं, ओठ हलायचे, आवाज मात्र जेमतेम. लहानपणापासून यंत्रमागांवर उभा राहिलेला. त्यानं सांगितलं ते असं, की मागांच्या शेडमध्ये ओरडूनही काही पोचत नाही, म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला नुसत्या ओठांनी विचारतो, घरी पाहुणे आलेत का, आणि तो तिथून सांगतो, आलेत, मटण आणायचंय. कान तर त्याचे तिशीतच गेले. पण बोलणं ही ऐकायची गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"भाऊसाहेब, बात देखने की चीज है," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "तुम्ही बघतच नाही एकमेकांकडं."

हे ऐकून संशय फिटायला हवा होता. उलट तो बळावला. सोमाचा हिशेब साधा होता. ऐकू येत असेल तर चाचा खोटारडा. ऐकू येत नसेल आणि नुसतं बघून कळत असेल, तर त्याहून वाईट. ऐकणाऱ्याला निदान जवळ यावं लागतं, हा तर रस्त्याच्या पलीकडून चोरणार. टपरीवर खल चालायचा तेव्हा चाचा फाटकाशी बसची वाट बघत उभा असायचा, हेही आता सगळ्यांना आठवलं. मलाही आठवलं. आपण सांगितलेली गोष्ट खरी ठरावी असं कुणाला वाटत नाही?

दुसऱ्या दिवसापासून हनीफचाचाला जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसायला सांगण्यात आलं. त्यानं डबा उचलला, भिंतीशी गेला, आमच्याकडे पाठ केली आणि जेवला. टपरीवर मात्र भिंत नव्हती, म्हणून तिथं मंडळींनी तोंडावर हात धरून बोलायला सुरुवात केली. निवृत्तीनं तर उपरणं नाकापर्यंत ओढून घेतलं. त्यानं बोलणं घुसमटायचं, मग पलीकडचा म्हणायचा, काय? मग अलीकडचा हाताआडून आणखी जोर लावायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या सगळ्यांच्या दाढा एकदमच दुखायला लागल्यात.

तरीही मालकांना कळतच राहिलं.

आता तर चाचाची पाठ होती, तोंडं झाकलेली होती, मग हा बघतो कशानं? कुणी म्हणालं, डब्याच्या झाकणात बघत असेल, आरशासारखं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या झाकणाकडे बघितलं. ते अल्युमिनियमचं आणि पोचे पडलेलं होतं. त्यात स्वतःचं नाकही दिसलं नसतं. तेवढ्यावर गप्प बसायचं, तर मीच आणखी एक पाहिलेलं सांगितलं. मालकांच्या केबिनलाही काच होती. मालक आत फोनवर बोलत होते आणि हनीफचाचा बाहेर, हातात तेलाचा डबा घेऊन, काचेतून आत टक लावून उभा होता. मी दिसताच तो खाली मान घालून निघून गेला. मी हे फक्त निवृत्तीच्या कानावर घातलं. संध्याकाळी ते सगळ्यांना माहीत होतं.

सोमानं निकाल दिला. दिवाळीच्या आत चाचानं आपल्या पायानं निघून जावं. नाहीतर त्याच्या बाजूच्या प्रेसवर कुणी उभं राहणार नाही, हे फोरमनला सांगण्यात येईल. एकट्यानं तो मोठा पत्रा पेलत नाही, म्हणजे काम बंद, म्हणजे चाचा घरी. चाचा मालकाचा माणूस असेल तर मालक त्याला काढतील कसे, असा प्रश्न मला पडला होता. मी विचारला नाही. त्या दिवसांत प्रश्न विचारणाराही कुणाचा तरी असायचा.

हनीफचाचाला परत जायला जागा नव्हती. मागांवरच्या कापसाच्या धुळीनं त्याची छाती भरली होती, आणि पुन्हा त्या शेडमध्ये उभा राहिलास तर पुढची ईद बघायची नाहीस, असं मालेगावच्या डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं आणि बहिऱ्या माणसाला कुणी नव्यानं ठेवत नाही. हे त्यानं मला स्टोअरच्या खिडकीशी ग्रीस घेताना सांगितलं, अगदी आज ऊन फार आहे म्हणावं तसं. मी मान हलवली आणि ग्रीसची सही घेतली.

दसऱ्याला मी चांदवडला निघालो, तर हा माणूस फाटकाशी एक स्टीलचा डबा घेऊन उभा. त्याच्या बायकोनं, माजिदाचाचीनं, माझ्या आईसाठी नानखटाई केली होती. ज्याच्यामुळे आपली भाकरी जाणार त्याच्या आईला कुणी नानखटाई पाठवतं का? मी सबंध रस्ताभर डबा मांडीवर ठेवून विचार करत होतो, याला माझ्याकडून काय हवं असेल. पिंपळगावच्या थांब्यावर एक खाऊन बघितली. चांगली होती. संशय आणखी वाढला.

घरी आईनं डबा रिकामा केला, धुऊन पुसून माझ्या पिशवीत घातला आणि बजावलं, की भरल्या घरातून आलेला डबा आहे, रिकामा परत द्यायचा नाही. दिवाळीला ती अनारसे करील, ते घालून द्यायचा. मग आम्ही स्वयंपाकघरात बोलत बसलो. शेजारच्या सुमनबाईंच्या जावयाविषयी माझं काही मत होतं. आईजवळ सरकून, अगदी दबक्या आवाजात, मी ते सांगितलं. मधे एक भिंत, मग आमची पडवी, मग त्यांची पडवी, आणि तिथून सुमनबाई म्हणाल्या, "आमचा जावई आम्हाला पुरे आहे हो, तुम्ही तुमचं बघा."

आईनं कपाळाला हात लावला. "मेल्या, आल्यापासून बघतेय, नुसता बोंबलतोयस. नाशकात सगळे बहिरे राहतात का?"

मी म्हणालो, मी हळूच बोललो. आई म्हणाली, पुन्हा ओरडलास.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन-चार महिन्यांत माझं हे झालं होतं, तेही काचेआड बसून. सोमा आणि निवृत्ती तर सहा-सात वर्षं प्रेसला चिकटून उभे होते.

परत आल्यावर मी आधी चिमणाबाईला गाठलं. टपरीची मालकीण, पन्नाशीची, स्टोव्हला पंप मारता मारता बोलायची. तिला विचारलं, संध्याकाळी आमची मंडळी इथं बसून काय बोलतात, तुला कधी ऐकू येतं का?

तिनं पंप मारायचा थांबवला. "आता गं बया. तुमचं भाषण नसतंय व्हय ते?"

मी म्हणालो, कसलं भाषण, ती गुप्त बैठक असते.

"गुपित?" ती म्हणाली. "अवो पलीकडं पंक्चरवाला हाय ना, त्यो सुद्दा तुमचं संपल्याबिगर दुकान बंद करीत नाय. पुढं काय झालं ते कळाया नको? आन् आता तर तोंडावर हात धरून लयच वरडत्यात. मला वाटलं, कुणाचं तरी सोंग काढत्यात."

मालकांची गाडी त्याच वेळेला फाटकातून निघायची. समोर रस्ता, रस्त्यावर ट्रकांची रांग. वाट मिळेपर्यंत गाडी फाटकातच, टपरीच्या समोर, काच खाली करून उभी राहायची. सगळे ती बघायचे आणि गाडीतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून आपल्या समजुतीनं आवाज उतरवायचे.

मी सोमाला सांगितलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, मला हे कधीपासून माहीत आहे, आणि दसऱ्याला मी नक्की चांदवडलाच गेलो होतो का. मी म्हटलं, पारखून बघ. त्या संध्याकाळी मालक निघून गेल्यावर मी सोमाला फाटकात, गाडी उभी राहते त्या जागी, उभा केला आणि निवृत्तीला टपरीवर रोजच्यासारखं कुजबुजायला सांगितलं. निवृत्ती कुजबुजला. झाडावरचे कावळे उडाले. मी विजयी मुद्रेनं सोमाकडे वळलो.

"काय पण ऐकू येत नाय," सोमा म्हणाला. "आता बोल."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, की सोमाचे कान हेही आमच्याच कारखान्याचे कान आहेत. सोमाचं समाधान झालं. त्याच्या दृष्टीनं चाचाचा गुन्हा शाबीत झाला होता आणि माझ्यावरही डोळा ठेवायची वेळ आली होती. तो जायला वळला, तेवढ्यात चिमणाबाई चहाचा ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आली. तिनं ग्लास त्याच्या हातात दिला, त्याच्या तोंडासमोर उभी राहिली आणि निवृत्तीचं कुजबुजणं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. सोमवारी सह्या, निवृत्तीच्या मेव्हण्याच्या खोलीवर, मालकाला पत्ता लागू द्यायचा नाही. सोमा निवृत्तीकडे बघायला लागला. निवृत्तीनं लांबून मान हलवली, हेच म्हणालो.

"परवाचं बी सांगू?" चिमणाबाई म्हणाली. "तुमी लवकर गेला व्हता, तवा ह्यो म्हणत व्हता, सोम्याला पुढारी व्हायची लय खाज हाय."

सोमानं चहा न पिता ग्लास चिमणाबाईच्या हातात परत दिला. मग त्यानं मला विचारलं, या वेळी खरोखर हळू, निदान त्याच्या मानानं हळू, "म्हंजे मालकाच्या कानावर कुणीच घातलं नाय?"

"घातलं नाही," मी म्हणालो. "पडलं."

दिवाळीची मुदत कुणी उठवली नाही. तिच्याविषयी बोलणं बंद झालं, एवढंच. हनीफचाचाच्या बाजूच्या प्रेसवर सोमवारी निवृत्ती रोजच्यासारखा उभा राहिला. युनियन पुढे एका बंद खोलीत निघाली, दाराशी चिमणाबाईला बसवून. आवाज बाहेर आला की ती कडी वाजवायची.

मला एक गोष्ट राहून राहून खटकत होती. मी हनीफचाचाला गाठून विचारलं, त्या दिवशी केबिनच्या काचेतून तो काय बघत होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि ओठांनीच सांगितलं. मालक फोनवर कुणाला तरी सांगत होते, की मला कुणाला विचारावंच लागत नाही, लेकाचे रस्त्यात उभे राहून बोंबलतात. म्हणजे त्याला सगळं आमच्या आधी माहीत होतं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"क्या बोलता?" चाचा म्हणाला. "मालकाचं बोलणं काचेतून चोरलं, असं? मग तर पक्काच चोर झालो असतो."

मला पटलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की या माणसानं माझ्या काचेतून आजवर आणखी काय काय बघितलं असेल. तेव्हापासून स्टोअरमध्ये एकटा असलो तरी मी तोंडावर हात ठेवून बोलतो. लग्न झाल्यावर बायकोनं पहिल्यांदा विचारलं ते हेच, की तुमची दाढ दुखते का.

राहिली ती भिंत. चाचाला भिंतीकडे तोंड करायला सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं, आता इकडे वळ हे एकट्यानं कोण सांगणार? त्याच्या हिशेबानं हुकूम अजून चालूच होता. आठवडाभर तो तसाच जेवला आणि आम्ही त्याच्या पाठीकडे बघत जेवलो. मग एका दुपारी सोमा उठला, आपला डबा घेऊन चाचा आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून बसला, भिंतीला पाठ लावून, चाचाच्या तोंडासमोर. आणि आवाज न काढता काहीतरी बोलला. जबडा केवढा तरी उघडला, मानेच्या शिरा फुगल्या. काय बोलला ते आम्हा कुणालाच कळलं नाही. चाचानं हातातली भाकरी ठेवली आणि डोळ्यांवर हात घेतला.

"आहिस्ता, सोमा," तो म्हणाला. "तू ओठांनी पण ओरडतोस."

शहाऐंशी साली हनीफचाचा काम सोडून, आता कमावता झालेल्या मुलाकडे मालेगावला गेला. माजिदाचाचीच्या डब्याचं तेवढं राहून गेलं. त्या दिवाळीला आईचे अनारसे तेलात विरघळले. पुढच्या वर्षी मी डबा नाशकातच विसरून गेलो. त्यानंतर इतक्या उशिरानं काय घालून द्यावं ते ठरेना, आणि रिकामा द्यायचा नाही हे आईनं सांगूनच ठेवलेलं. सध्या त्यात बायको रवा ठेवते. मालेगावची बस आमच्या कोपऱ्यावरूनच सुटते.